आवाज थांबला की हात थांबतो

टिकलीच्या बाबानं खेळात शिरताना स्वतःचं नाव ‘बाबा’ असंच लिहिलं. बाकीच्यांची नावं वादळ, काळी लाट, विजेचा पोर अशी, आणि त्यांच्यात हा बाबा. बंदरात पाय ठेवल्या ठेवल्या कुणीतरी विचारलं, “बाबा, खाऊ आणलात का?” टिकलीनं कपाळावर हात मारला.

“अरे, टोपणनाव टाकायचं असतं!”

“मग माझं खरं नाव बाबा आहे का?” तो म्हणाला. 

बाबा दूरच्या शहरात उंच इमारतींच्या कामावर टॉवर क्रेन चालवायचा. घरी यायचा तो दोन कामांच्या मधल्या सुट्टीत. एरवी फोन. पण फोनवर त्या दोघांचं काही जमायचं नाही. “जेवलीस का?” “हो.” “अभ्यास?” “झाला.” मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसायची, आणि शेवटी आई टिकलीच्या हातातून फोन काढून घ्यायची. खेळात मात्र तासभर कसा जायचा ते कळायचं नाही. नाव वल्हवता वल्हवता टिकली वर्गातल्या भांडणांचं सांगायची, बाबा सत्तराव्या मजल्याच्या उंचीवरून ढग खालून जाताना कसे दिसतात ते सांगायचा. आई शिवणयंत्रावर बसल्या बसल्या म्हणायची, “माझ्या वाट्याला दोन मिनिटं आणि लेकीला तासभर. मीही घेते एक नाव. ‘आई’ म्हणून येते तिथे, मग बघा.”

खेळ तसा सोपा होता. चार जणांचा एक ताफा, सगळ्यांची मिळून एक नाव आणि समोर समुद्र. नवखे उथळ पाण्यात खेळायचे. खोल पाण्यात जायचं तर प्रमाणपत्र लागायचं, आणि ते परीक्षा दिल्याशिवाय मिळत नसे. परीक्षेत नवखा एकटा सुकाणू धरणार आणि एक जुना खेळाडू त्याचा वाटाड्या म्हणून शेजारी बसणार. वाटाड्यानं फक्त बोलायचं, कशाला हात लावायचा नाही. नावेला तीन फळ्या. खडकावर आपटली की एक फळी जाते. तिन्ही गेल्या की नाव बुडते, आणि त्या नवख्याला नवा हंगाम सुरू होईपर्यंत पुन्हा परीक्षा देता येत नाही.

आज हंगामाची नावनोंदणी बंद होणार होती. टिकलीचा ताफा संध्याकाळी खोल पाण्यात उतरणार होता आणि ताफ्यात चौथी जागा रिकामी होती. बाबा पास झाला तर ती त्याची. नाही झाला तर तिथे दुसरा कुणी येईल, टिकली खोल पाण्यात जाईल आणि बाबा उथळ पाण्यात एकटा फिरत राहील. खोल पाण्यातला आवाज उथळ पाण्यात ऐकू येत नाही, खेळाची रचनाच तशी. म्हणजे पुन्हा जेवलीस का, अभ्यास झाला का.

“टिकली, तयार आहेस ना?” बाबाचा आवाज हेडफोनमध्ये आला. त्याच्या पाठीमागे पत्रा खडखडत होता. कामगारांच्या पत्र्याच्या खोलीत, भांडारवाल्याकडून मागून आणलेला लॅपटॉप पुढ्यात घेऊन तो बसला होता. सकाळपासून तिकडे वारा सुटलेला, म्हणून क्रेन बंद. नाहीतर आज त्याला वेळ मिळालाच नसता.

“मी कधीची तयार आहे. तू बटणं पुसलीस का? मागच्या वेळी ग्रीस लागलं होतं.”

“पुसली गं बाई.”

“आणि डोळे?”

“डोळेही पुसले.”

“दोघांचं झालं असेल तर निघू या का?” हा कप्तानाचा आवाज. कप्तान म्हणजे ताफ्याचा प्रमुख, कुठल्या तरी दूरच्या गावचा, नुकताच आवाज फुटलेला मुलगा. एखादं वाक्य भारदस्त सुरू करायचा आणि मध्येच आवाज चिरकायचा. आज तो परीक्षेचा साक्षीदार म्हणून मागून छोट्या होडीतून येणार होता. त्याला दोघांचं बोलणं ऐकू येणार होतं, आणि निकालावर सही त्याचीच. “वाटाड्याची शपथ लक्षात आहे ना, टिकली?”

“आहे.”

ही शपथ फक्त वाटाड्यांना ठाऊक असते. परीक्षेचा शेवटचा टप्पा म्हणजे आंधळी खाडी. तिथे धुकं येतं आणि वाटाड्याचा आवाज खेळ आपणच बंद करून टाकतो. नवखा एकटा पुढे जाऊ शकतो का, एवढंच खेळाला बघायचं असतं. हे नवख्याला आधी सांगायचं नाही. सांगितलं तर दोघंही बाद.

टिकलीला त्याची फारशी काळजी वाटत नव्हती. तिच्या स्वतःच्या परीक्षेत तिचा वाटाड्या इतका अबोल होता, की त्याचा आवाज केव्हा बंद झाला हे तिला कळलंसुद्धा नव्हतं.

नाव निघाली. आईनं मशीन बंद ठेवलं होतं आणि ती खिडकीशी बसून हातानंच एका पडद्याला टीप घालत होती.

“उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे, बस,” टिकली म्हणाली. नाव दोन खडकांमधून सुळकन गेली.

ही बोलण्याची तऱ्हा बाबाची. पहिल्या दिवशी टिकली त्याला सांगत सुटली होती, “तो खडक दिसतोय ना, त्याच्या आधी थोडं वळ, पण फार नको, आणि मग सरळ कर.” बाबानं नाव थेट खडकावर नेऊन घातली. “डोळे आहेत की बटणं?” ती ओरडली होती. तेव्हा तो म्हणाला, “असं नाही चालत. मी वर केबिनमध्ये असतो, खालचं मला दिसत नाही. खाली सिग्नलवाला असतो वॉकीटॉकी घेऊन. तो म्हणतो, खाली, खाली, खाली. तो म्हणत राहील तोवर मी माल खाली सोडत राहतो. तो गप्प झाला की मी तिथल्या तिथे थांबतो. तू तसं बोल.” ती तसं बोलायला लागली आणि जादू झाल्यासारखी नाव सरळ चालू लागली. तीन आठवडे धडपडणारे नवखे तिनं पाहिले होते. बाबा चार दिवसांत परीक्षेला बसला. तिला स्वतःच्या शिकवण्याचा केवढा अभिमान वाटला होता!

“डावीकडे, डावीकडे, डावीकडे...”

आईनं पडदा झटकला. त्यातला धागा-धुरळा उन्हात उडाला, टिकलीच्या नाकात गेला, आणि तिला जी शिंक आली ती आलीच. एक, मग दुसरी.

धाड! नाव खडकावर आपटली आणि एक फळी उडाली.

“बाबा! समोर दिसत होता ना खडक!”

“दिसत होता की.”

“मग वळवली का नाहीस?”

“तू थांबलीस ना,” बाबा शांतपणे म्हणाला. “आवाज थांबला की हात थांबतो. पंधरा वर्षांची सवय आहे ती. त्या सवयीपायी आजवर कुणाच्या डोक्यावर वीटसुद्धा पडली नाही.”



आपण काय शिकवून बसलो हे टिकलीला एका क्षणात दिसलं. शेवटच्या खाडीत तिचा आवाज जाणार होता. आणि तो गेला की बाबा सुकाणू घट्ट धरून अगदी शहाण्यासारखा थांबणार होता. त्याच्या कामावर थांबणं म्हणजे सुरक्षित. पण इथे नावेखालून पाणी वाहत होतं.

“टिकली? बोल. प्रवाह वाढतोय.”

“बाबा,” ती म्हणाली, “आता... आता तूच सांग. काय करशील?”

“मी? मी काय सांगू? तू सांग.”

“समोर काय दिसतंय?”

“समोर खडक दिसतोय! डावीकडे की उजवीकडे, पटकन बोल!”

“तुला काय वाटतं?”

“अगं ए, ही काय वेळ आहे प्रश्न विचारायची?” बाबाचा आवाज चढला. “टिकली!”

ती गप्प राहिली. तोंडावर हात दाबून गप्प राहिली. त्याला एकदा तरी स्वतः वळू दे, एकदा तरी. नाव सरळ जात राहिली. शेवटच्या क्षणी बाबानं घाईघाईनं वळवली, पण उशीर झाला होता. कडेनं घासत दुसरी फळी गेली.

“काय झालंय तुला?” आता तो चिडला होता. “चार दिवस नीट सांगत होतीस, आणि आज नेमकी मस्करी?”

“मस्करी नाही रे...”

“वाटाड्यानं काय बोलायचं हे त्याचं तो ठरवतो,” कप्तान मागून म्हणाला, पण त्याच्याही आवाजात धाकधूक होती. “बाबा, एकच फळी उरलीये. सांभाळा.”

आता फक्त एक वळण, आणि त्यापुढे धुक्याची पांढरी भिंत दिसत होती. टिकलीला रडू यायला लागलं. वळणावर तिनं पुन्हा जुन्या पद्धतीनं सांगितलं, “उजवीकडे, उजवीकडे, बस,” आणि बाबानं नाव इतकी सुरेख काढली की तिला आणखीच वाईट वाटलं. एक वाक्य. फक्त एक वाक्य त्याला सांगता आलं असतं तर! बाबा, पुढे माझा आवाज जाणार आहे, तू थांबू नकोस. माईकवर बोललं तर कप्तान ऐकणार. पण उशीजवळ आईचा फोन पडला होता.

तिनं एका हातानं तो ओढला आणि बाबाचा नंबर लावला.

आईनं मान वर केली. “बाबाशीच बोलतेयस ना? मग फोन कुणाला?” टिकलीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

हेडफोनमध्ये, पत्र्याच्या खडखडाटावर, बाबाच्या फोनची घंटी वाजू लागली. तिनं माईक हातानं झाकला आणि फोन कानाशी धरला. घे. घे ना.

“हा फोन कुणाचा वाजतोय?” कप्तान म्हणाला.

“माझा. घरून येतोय.” बाबा जरा थांबला. “टिकली, तूच लावलायस ना? ठेव तो. मी कामात असताना फोन घेत नाही, तुला माहीत आहे. फोन ज्यानं घेतला त्याची क्रेन हलली.”

घंटी बंद झाली. त्यानं फोन कापला होता.

“चुकून लागला,” टिकली पुटपुटली.

 नाव धुक्यात शिरली.

“बाबा, ऐक, आता...” ती म्हणाली, आणि तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात माईकच्या खुणेवर लाल काट उमटली.

सगळं पांढरं झालं. नावेची टोकाकडची वीतभर लाकडं आणि पुढे पाण्याचा एक पट्टा, एवढंच दिसत होतं. बाबाचा आवाज तिला येत होता. तिचा त्याला जात नव्हता.

“आता काय?” बाबा म्हणाला. “टिकली? हॅलो? आवाज येत नाहीये तुझा.”

“बाबा, थांबू नकोस,” ती बंद माईकमध्ये ओरडली. “वळ!”

“टिकली?”

मग तो गप्प झाला. जे व्हायचं तेच झालं. त्यानं सुकाणू धरून ठेवलं होतं, नाक सरळ, आणि हात थांबलेला. पत्रा तेवढा खडखडत होता. पाण्याच्या पट्ट्यावरून फेस मागे मागे जात होता आणि पुढे धुक्यात काळं काहीतरी घट्ट होऊ लागलं होतं. आई सुई आणि पडदा तसाच धरून टिकलीच्या मागे येऊन उभी राहिली. “थांबलाय का तो?” तिनं हळूच विचारलं. टिकलीनं मान हलवली. आईलाही ऐकू यावं म्हणून तिनं बाबाचा आवाज स्पीकरवर टाकला.

काळं आणखी जवळ आलं.

“अरेच्या,” बाबा एकदम म्हणाला. स्वतःशीच बोलत होता तो. “मी थांबलोय, पण हे कुठे थांबलंय? फेस मागे चाललाय म्हणजे मी पुढे चाललोय.” पत्रा खडखडला. “इथे ब्रेकच नाही. मग सिग्नलवाला नसला तर... बरं. सिग्नलवाला नाही. मग मीच होतो सिग्नलवाला.”

आणि मग त्यानं जो आवाज काढला तो ऐकून आईच्या हातून पडदा गळाला. तो बारीक, तावातावाचा आवाज थेट टिकलीचा होता.

“बाबा, डोळे आहेत की बटणं? समोर खडक आहे! डावीकडे, डावीकडे, डावीकडे, डावीकडे, बस! हां. आता पुसलेस का डोळे?”

नाव डावीकडून निघाली. खडक इतक्या जवळून गेला की त्यावरचं शेवाळ दिसलं.

“उजवीकडे, उजवीकडे. घाई नको, बाबा, मागच्या वेळी असंच केलंस. उजवीकडे, बस. शाब्बास. फार शेफारू नकोस.”

“मी असं बोलते?” टिकली रडता रडता म्हणाली.

“अगदी असंच,” आई म्हणाली.

धुकं जरा विरळ झालं, आणि टिकलीला पुढचं पाणी दिसलं. खाडीच्या तोंडाशी भोवरा होता. प्रवाह तिथे गरकन वळायचा आणि नावेचं नाक तिरकं ओढायचा. वाटाडे नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवत, की सुकाणू धरायचं बटण काही झालं तरी सोडायचं नाही. सोडलं की नाव पाण्याच्या हवाली. टिकलीनंही तेच शिकवलं होतं. भोवऱ्यात तर जिवाच्या आकांतानं धरायचं.

नाक ओढलं जाऊ लागलं. नाव करकरली.

“धर!” टिकली ओरडली. “बाबा, घट्ट धर!”

“हे ओढतंय,” बाबा स्वतःच्या आवाजात म्हणाला. “ओढतंय आणि मी धरलंय. हे बरं नाही.” पत्रा जोरात आदळला, तिकडे वाऱ्याचा झोत आला असावा. “आज सकाळी क्रेन बंद करताना मी काय केलं? तिचा लांब हात मोकळा सोडला. वारा वळवेल तशी वळू दे तिला. जखडून ठेवली तर वारा तिला मोडून टाकेल.”

“नाही, नाही, नाही! सोडू नकोस!”

बाबानं बटण सोडलं.

टिकलीनं डोळे मिटून घेतले. आईचा हात तिच्या खांद्यावर होता आणि त्या हाताची बोटं रुतत होती. आपटल्याचा आवाज आता येईल, आता येईल, म्हणून ती थांबली. आवाज आला नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा नाव भोवऱ्याच्या कडेनं एक पूर्ण गिरकी घेत होती, पाण्याच्या वेगानं, पाण्याच्या दिशेनं, आणि तिचं नाक हळूहळू खाडीच्या तोंडाकडे येत होतं. “अजून नाही,” बाबा म्हणत होता. “अजून नाही, अजून नाही, अजून नाही, बस.” त्यानं सुकाणू पकडलं.

नाव बाहेर आली. ऊन, निळं पाणी, आणि एक फळी.

माईकवरची लाल काट गेली. टिकलीनं नाक ओढलं.

“टिकली?” बाबा म्हणाला. “आलीस का परत? कुठे गेली होतीस? नेट गेलं होतं का?”

“नाही रे,” ती म्हणाली. “ते... तसंच असतं तिथे.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“होतं. सांगायचं नसतं.”

 “बरोबर आहे,” बाबा म्हणाला. “सांगितलं असतंस तर मी भुताटकी झाल्यासारखा घाबरलो तरी नसतो. पण मग ती परीक्षा कसली?”

तेवढ्यात कप्तानाची होडी शेजारी आली. “बाबा,” तो भारदस्तपणे म्हणाला, “आयुष्यात पहिल्यांदा मी भोवऱ्यात सुका...” आवाज चिरकला, “...सुकाणू सोडणारा माणूस पाहिला. तुम्ही परीक्षा पास.”

स्क्रीनवर प्रमाणपत्र उलगडलं. दोरखंडाची नक्षी, मध्ये होडी, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘बाबा’ हा खेळाडू एकटा पुढे जाऊ शकतो. त्याखाली दुसरं, वाटाड्याचं, अजून कोरं होतं. त्यावर सही करायचा हक्क कप्तानाचाच.

“टिकली, एक विचारतो,” कप्तान म्हणाला. आता तो भारदस्त वगैरे नव्हता. “तो फोन.”

टिकलीनं आईकडे पाहिलं. आई पडदा उचलून घडी घालत होती, आणि जाणूनबुजून तिच्याकडे बघत नव्हती.

चुकून लागला, हे वाक्य एकदा म्हणून झालंच होतं. पुन्हा म्हणणं सोपं होतं.

“चुकून नाही लागला,” टिकली म्हणाली. “मी लावला होता. त्याला सांगणार होते. त्यानं घेतला नाही म्हणून राहिलं.”

पत्रा खडखडला. 

“बाबा, तिनं आधी कधी काही सांगितलं होतं?”

“शप्पथ, नाही. आणि सांगितलं असतं, तर तिच्या शिंकेपायी मी खडकावर आपटलो असतो का?,” बाबा म्हणाला.

कप्तान हसला, मग हसू आवरून म्हणाला, “बाबांना काही कळलं नव्हतं, त्यांचं प्रमाणपत्र पक्कं. ताफ्यातली चौथी जागा त्यांची. पण टिकली, तुझ्या प्रमाणपत्रावर मी सही करत नाही. तू आणखी एका नवख्याला घेऊन ये. तेव्हा बघू.”

टिकलीचा चेहरा पडला. वाटाड्याच्या प्रमाणपत्रासोबत मिळणारं चिन्ह आपल्या नावाशेजारी चमकताना तिनं कितीदा मनात पाहिलं होतं. “चालेल,” ती म्हणाली. थोड्या वेळानं परत म्हणाली, “चालेल. पण पुढच्याला मी पहिल्या दिवसापासून प्रश्न विचारणार आहे.”

“बिचारा,” बाबा म्हणाला.

“नवखी हवीये ना?” आईनं मागून वाकून माईकमध्ये तोंड घातलं. “मी आहे की. नाव ‘आई’. पण आधीच सांगते, मला कुणी डोळे आहेत की बटणं म्हटलेलं चालणार नाही.”

संध्याकाळी ताफा खोल पाण्याच्या दारात उभा राहिला. यादीत चार नावं होती, आणि शेवटचं नाव बाबा. तिकडचा वारा पडला होता. पत्रा आता गप्प होता आणि बाबाचा आवाज पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू येत होता.

“पहिल्या फेरीत सुकाणू कोण धरणार?” कप्तानानं विचारलं.

“टिकली,” बाबा म्हणाला. “मी पुढे उभा राहून बोलतो. जन्मभर वर बसून दुसऱ्याचं ऐकलं. एकदा मलाही सिग्नलवाला होऊ दे.”

दार उघडलं. समोर गडद निळं पाणी आणि दूर पहिला खडक.

“डावीकडे,” बाबानं सुरुवात केली, “डावीकडे, डावीकडे, डावीकडे...”

“अरे, दिसतंय मला, बाबा,” टिकली म्हणाली आणि तिनं नाव वळवली. “तू ते ढगांचं सांगत होतास ना परवा? ते सांग.”